पेटी कुमूस

कुमूताई, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत मला एकदाही कोणी बेसूर म्हटलेलं नाही. माझ्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतका कोरडा काळ कधी आला नव्हता. काल मानिक चौकात भाजी घेताना मुद्दाम दोनदा गुणगुणून पाहिलं. भाजीवाला म्हणाला, "वाह भैया, क्या गला है!" टोमॅटो तिथेच ठेवून निघून आलो. गाण्याबद्दल इतकं खोटं बोलणारा माणूस वजन काय खरं करणार?

लोक तुझ्याबद्दल काय काय बोलताहेत ते ऐकायला तू हवी होतीस. तुझी घरमालकीण सगळ्यांना सांगते, "दीदी कितनी मृदुभाषी थीं." मृदुभाषी! मला ठसका लागला. तिनं बिचारीनं धावत जाऊन पाणी आणलं. ज्या बाईनं भर गणेशोत्सवात, चालू कार्यक्रमात, पेटीचा भाता न थांबवता मला "बाळ्या, पट्टी सोडलीस, आता लाज तरी सोडू नकोस" असं ऐकवलं होतं, ती मृदुभाषी. मेल्यावर माणसाचं काय वाट्टेल ते करतात.

मी तसं काही करणार नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला सोडून कोणाला सांगता येत नाही, आणि तुला सांगायला तीस वर्षं होती तेव्हा सांगितली नाही. सुरुवात मामांपासून करतो. ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते हे मान्य, पण मला किस्सा मधूनच सुरू करता येत नाही. धीर धर.

आपले मामा मालगाडीवर गार्ड. चौदा-चौदा तास शेवटच्या डब्यात एकटे बसून त्यांचं बोलणं तारेसारखं झालं होतं. "जेवण." "पाणी." "निजतो." तुझी आई, माझी मावशी, गेल्यावर सोळाव्या वर्षी तू त्यांच्याकडे आलीस, आणि तुझं स्वागत त्यांनी म्हणे "आलीस. बरं." एवढ्यावर उरकलं. माझी आई सांगायची, त्यातलं "बरं" हे तुझ्यासाठी खास होतं. सख्ख्या बहिणींना ते नुसतं "आलीस" म्हणत.

पण झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या गाणाऱ्या मंडळीत मामा बसले की वेगळेच. तिथे ड्रायव्हर, फिटर, पॉइंट्समन होळीचे फाग नि रामायण गात आणि मामा हार्मोनियमवर. "गार्डसाब, बाजा निकालो!" अशी हाक आली की त्या मुक्या माणसाची बोटं घडाघडा बोलायला लागत. त्या संगतीनं मामाही हार्मोनियमला बाजाच म्हणत. आपण बाकी सगळे, माझी आई, तू, मी, मराठी माणसं म्हणतात तसं पेटी म्हणायचो. आणि मामांच्या तोंडी पेटी म्हणजे? गार्डाची ती काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या अक्षरात नाव, आत झेंड्या, दिवा, नियमांचं पुस्तक आणि तुझा डबा. एकाच घरात एकाच शब्दाचे दोन संसार चालू होते, आणि कधी भांडण झालं नाही, कारण मामा बोलतच कुठे होते.

त्या डब्यावरून तुझं एक गाऱ्हाणं होतं. शेवटपर्यंत होतं. "पंधरा वर्षं रांधलं मी. एकदा, बाळ्या, एकदा तरी 'बरं झालंय' म्हणाले असतील तर शपथ." मी म्हणायचो, अगं ते कोणालाच काही म्हणत नसत. तू म्हणायचीस, "इंजिनाला म्हणायचे. मी ऐकलंय."

आता माझं. बाविसाव्या वर्षी मी मामांचा एकुलता एक शागीर्द होतो आणि मनानं कधीच मोठा वादक झालो होतो. त्यांचं वादन मी वहीत उतरवून घ्यायचो. त्यांच्यामागे हार्मोनियम माझी, हे मला, मामांना आणि मंडळीतल्या सर्वांना ठाऊक होतं. तू स्वयंपाकघरात असायचीस. तू ऐकत असायचीस, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत मामा गेले. बोलले तसेच गेले, दोन शब्दांत. तेराव्याला ग्वाल्हेरहून तुझा भाऊ अण्णा आला, वहिनी आली, आणि येताना तुझं दुसऱ्या दिवशीचं तिकीट घेऊनच आली. तुला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णाला चार मुलं, वहिनीचे गुडघे दुखरे, आणि तू एकतीस वर्षांची, बिनलग्नाची, हातानं सुग्रण. सगळं कसं जुळत होतं.

दुपारी मामांच्या वर्दीच्या कोटात, आतल्या खिशात कागद सापडला. रेल्वेच्याच कुठल्याशा छापील फॉर्मची पाठकोरी बाजू. मामांचं अक्षर म्हणजे हलत्या डब्यात पस्तीस वर्षं घडलेलं अक्षर, काही काने डावीकडे कललेले, काही उजवीकडे. ते वाचता येणारा जगात एकच माणूस उरला होता. मी उठून उभा राहिलो, धोतर सावरलं, घसा साफ केला. माहीत आहे तुला मी कसा वाचतो ते.

"घड्याळ अण्णास."

अण्णानं मान अशी हलवली, जणू त्याला कुठल्या सभेचं अध्यक्षपद मिळालं.

"पेटी कुमूस."

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. हाताला कणीक. तू म्हणालीस, "माझी?"

एवढंच. आणि कणकेचे हात पदराला पुसलेस. दुसऱ्या कोणी असे पुसले तर तू त्याला उपाशी ठेवलं असतंस. त्या घरात पंधरा वर्षं मी तुझ्या तोंडून "मामांची", "अण्णाची", "बाळ्याची" ऐकलं होतं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आणि तू कोपऱ्यातल्या हार्मोनियमकडे पाहत होतीस. लोखंडी पेटी तुझ्या पायाशी होती, तिच्यावर परात ठेवलेली.

वहिनी म्हणाली, "अगं बाई, वन्संना पेटी? वन्सं काय करणार पेटीचं?"

अण्णा म्हणाला, "पुढे वाच रे."

पुढे, कुमूताई, तिसरी ओळ होती. स्वच्छ, मामांच्या मानानं तर सुवाच्य. "बाजा बाळूस."

मी ती वाचली. मनात वाचली. मग कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "पुढे काही नाही. सही आहे."

अण्णानं कागद मागून घेतला. मी तो दिला. न देऊन करतो काय? त्यानं उलटा धरला, सुलटा धरला, खिडकीपाशी नेला. मी मनातल्या मनात ग्वाल्हेरच्या गाडीखाली जीव देत होतो. शेवटी तो म्हणाला, "हे काय, मोडीत लिहिलंय का?" आणि परत दिला.

याला कोणी त्याग म्हणू नये. तू तर म्हणणारच नाहीस. मला तेव्हा कसलाही उदात्त विचार सुचला नव्हता. मी नाटकातला माणूस. दारात तू उभी, वहिनीचं तोंड उघडं, अण्णा गोंधळलेला. पडदा तिथेच पडायला हवा होता, म्हणून पाडला. तिसऱ्या ओळीनं प्रवेशाची माती झाली असती. माझी स्वतःची माती झाली आहे, हे संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. मी उशीला लाथा घातल्या. आईला वाटलं, मामांसाठी रडतोय. तिनं मला दूध दिलं.

दुसऱ्या दिवशीचा प्रवेश मात्र तुझाच. अण्णा टांगा घेऊन आला. तू वळकटी बांधली नव्हतीस. म्हणालीस, "पेटी प्रवासात बिघडेल. मी इथंच राहते."

बिघडेल! ती हार्मोनियम मामांनी बैलगाडीतून ओरछ्याला नेली होती, एकदा पावसात, एकदा बकऱ्यांसोबत. अण्णा म्हणाला, "अगं कुमू, एकटी बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, पेटी टाकून येता येत नाही."

"मग पेटी विकून टाक!"

"मामांनी दिलेली?"

संपलं. टांगेवाल्यानं विचारलं, "चलें बाबूजी?" आणि अण्णा घड्याळ बघत गेला. मामांचंच.

मग तू मला बोलावणं धाडलंस, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. "बाळ्या, सा कुठला ते दाखव." माझ्याच हार्मोनियमवर मी तुला सा दाखवला. तुझं बोट धरून ठेवलं त्या पट्टीवर. मनात म्हटलं, सहा महिन्यांत कंटाळेल, मग हळूच उचलून नेऊ. चौथ्या महिन्यात तू माझा हात बाजूला सारलास. "मामा इथं काळी घ्यायचे. तू पांढरी घेतोस. रोज घ्यायचास. भाकऱ्या थापताना माझं कपाळ दुखायचं." पंधरा वर्षं तू सगळं ऐकलं होतंस. नुसतं ऐकलं नाही, साठवलं होतंस. मामांच्या कुठल्या फागात ते कुठे क्षणभर थांबायचे, तेसुद्धा. मी वहीत लिहून जे विसरलो, ते तू पिठाच्या हातांनी लक्षात ठेवलंस.

मग घरमालकिणीची मुलगी आली, "दीदी, हमें भी सिखा दो." तिच्या मागून ड्रायव्हरच्या दोघी. मग मुलींच्या शाळेत तुला संगीत शिकवायला घेतलं. इलाइट चौराह्यावर रिक्षावाले तुझं घर सांगायला लागले, "बाजेवाली दीदी के यहाँ? बैठिए." सगळी झाशी तुला बाजेवाली म्हणे आणि त्या शब्दाला मी दर वेळी दचके. एकदा तू विचारलंस, "तुला काय होतं रे, हिचकी?"

माझंही त्यात भलं झालं, ते नाकारत नाही. गणपतीत पेटीवर तू, मग माझ्या हातांना काम काय? दोन गाण्यांच्या मधली वेळ भरायला मला माइकसमोर ढकललं. पहिल्याच वर्षी मी मामांचा किस्सा सांगितला, मुक्या गार्डानं भाचीला पेटी कशी दिली त्याचा. लोक हसले, बायका रडल्या. हात रिकामे झाले आणि तोंड चालू लागलं, ते अजून चालू आहे. दर वर्षी फर्माईश: "बालू भैया, वो बाजेवाला किस्सा!" आणि मी तुझ्यादेखत तो रंगवायचो, अण्णाचं मोडीसुद्धा. तू पेटीच्या मागून शेवटी तुझं वाक्य टाकायचीस, "मामांना कळत होतं कोणाचे कान कसे आहेत." टाळ्या. मी वाकून नमस्कार करायचो. ताई, असा अपमान आणि असं सुख एकाच नमस्कारात कोणी घेतलं असेल असं मला वाटत नाही.

आता अवघड भाग.

ती लोखंडी पेटी पहिल्याच वर्षी तूच मला दिलीस. "हे खोकं घेऊन जा रे, पाय आपटतो." तुझी पेटी तू मला दिलीस, आणि मी सायकलला बांधून नेली. आठवडाभर उघडली नाही. उघडली तेव्हा वर झेंड्या होत्या, एक फुटक्या काचेचा दिवा होता. खाली, हिरव्या झेंडीच्या चिंधीनं बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे.

तुझ्या चिठ्ठ्या. डब्यात ठेवायचीस त्या. "मामा, आज भाकरी कडक आहे, ताकात बुडवून खा." "मामा, लोणचं संपत आलंय, पुरवून खा." "मामा, बीना स्टेशनवरचा चहा पिऊ नका, मागल्या वेळी पोट बिघडलं." "मामा, वांगी किडकी निघाली म्हणून बटाटा. रागावू नका."

आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर, डावी-उजवीकडे झुकलेलं ते अक्षर. गार्डाची सवय: काय झालं, कुठे झालं, नोंद. "उत्तम. ललितपूर." "उत्तम. आउटर सिग्नलला दोन तास उभे." "मीठ जास्त. तरी उत्तम. मुरैना." एकीवर स्टेशनचं नाव नव्हतं, फक्त "बटाटा उत्तम. रागावलो नाही." पंधरा वर्षं तो माणूस तुला उत्तर देत होता आणि ते उत्तर पेटीत ठेवत होता. ते तुला मिळावं म्हणून त्यानं लिहिलं होतं, पेटी कुमूस.

मी त्या गठ्ठ्यांसमोर बसून राहिलो. तुझ्याकडे घेऊन जायला निघालो, सायकल काढली, पुन्हा आत ठेवली. चिठ्ठ्या दिल्या असत्या तर तू पहिला प्रश्न विचारला असतास, "मग हार्मोनियम कोणाची?" तुला काय, तिसरी ओळ माझ्या तोंडावरून वाचता आली असती. आणि त्याच दुपारी तू ती माझ्या दारात आणून आदळली असतीस. वर "चोरा" म्हणाली असतीस.

पुढे ती भीती उरली नाही. दोन वर्षांत तू अशी पक्की झालीस की हार्मोनियम परत दिली असतीस तरी दुसरी घेऊन बसली असतीस. तेव्हा द्यायला हव्या होत्या. मग का नाही दिल्या? गुपित बाळगायची चटक लागली, हे एक. आणि तुझ्यासमोर खोटा ठरायचं धाडस नव्हतं, हे खरं. पहिली दोन वर्षं गप्प राहिलो ते बरोबर केलं. पुढची अठ्ठावीस चुकलो.

शेवटच्या आठवड्यात मी एक चिठ्ठी खिशात घालून दवाखान्यात आलो होतो. बटाट्याची. तू उशाला टेकून बसली होतीस, दवाखान्याच्या खिचडीला नावं ठेवत. मी म्हणालो, "ताई, मामांना तुझ्या हातचं..."

"नाव काढू नकोस," तू म्हणालीस. "पेटी दिली मला, उपकार आहेत. पण माझ्या हातची भाजी त्या माणसाला कधी बरी लागली नाही."

"लागली असेल गं."

"तुला काय ठाऊक?"

तीस वर्षं मंचावर बोलणारा मी. खिशात हात. म्हणालो, "नाही, असंच."

तेवढं एक मला पचत नाही, कुमूताई. बाकी सगळं पचवलंय.

तेराव्याला तुझ्या मुली जमल्या. मुली कसल्या, काही आता आज्या झाल्यात. सदर बाजारातून, कॉलनीतून, एक तर बंगळूरहून आली. त्यांनी तुझा फोटो पेटीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "भैया, किस्सा सुनाइए." मी उठलो. किस्सा सांगितला नाही. पिशवीतून गठ्ठा काढला आणि वाचायला लागलो. आधी तुझी ओळ, मग चिठ्ठी उलटून मामांची. मराठी येत नाही त्यांना हिंदीत सांगितलं. "मीठ जास्त, तरी उत्तम" ला त्या हसल्या. "रागावलो नाही" ला तुझी ती पहिली शिष्या, घरमालकिणीची मुलगी, उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "दीदी को ये पता था?" मी म्हणालो, नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मृदुभाषी असण्याचे फायदे मला एकदम कळले.

तिसरी ओळ मात्र तिथे वाचली नाही. ती तुझ्याआधी इतरांनी का ऐकावी? आता तू ऐकलीस. "बाजा बाळूस." माझी होती ती. कायद्यानं, शब्दानं, मामांच्या इच्छेनं.

चिठ्ठ्यांबद्दल माफ कर. मनापासून मागतो, नाटक नाही. पण हार्मोनियमबद्दल मी माफी मागणार नाही, तू कितीही भांडलीस तरी. कारण मी तुला ओळखतो. त्या दुपारी तिन्ही ओळी वाचल्या असत्या तर तू लोखंडी पेटी उघडली असतीस, पहिली चिठ्ठी उलटली असतीस, माझ्याकडून "उत्तम" वाचून घेऊन डोळे पुसले असतेस, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठे उराशी धरून अण्णाच्या टांग्यात बसली असतीस. रुसून नाही, तृप्त होऊन. ग्वाल्हेरला चुलीपुढे बसून जन्मभर सांगितलं असतंस, मामांना माझ्या हातचं फार आवडायचं.

तुला तेवढं पुरलं असतं, ताई. मला पुरलं नसतं.